अकरा नंबरचा अर्ज

माझं तोंड फटकळ आहे, हे मला सासूने, नवऱ्याने, सुपरवायझरने आणि शेजारच्या दोघीतिघींनी आपापल्या सवडीने सांगून झालं आहे. त्यात खोटं काही नाही. त्या तोंडामुळेच तर मी विश्वस्त झाले, आणि विश्वस्त झाल्यावर अशी काही माती खाल्ली की हे लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.

आमची कंपनी नागापूरला, एमआयडीसीत. विहिरीवर बसतात त्या पाण्याच्या मोटारी आम्ही बनवतो. मोटारीच्या पोटात तांब्याची बारीक तार हाताने भरत जायचं, त्याला वाइंडिंग म्हणतात, आणि ते काम पहिल्यापासून बायकांकडे. पुरुषांना तेवढा दम कुठला! मी लागले तेव्हा मला काही म्हणजे काही येत नव्हतं. बोटं सुजायची, तार ओरखडायची, आणि ओरखडलेल्या तारेची मोटार दोन-तीन महिन्यांत जळून परत यायची. मला शिकवलं ते बाईंनी. सगळं खातं त्यांना नुसतं बाई म्हणायचं, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. भिंगारच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या, उंच, हाडकुळ्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. माझ्या हातची पहिली मोटार जळून आली तेव्हा मी अजून कायम झाले नव्हते, ठपका लागला असता तर घरीच गेले असते. बाईंनी ती मोटार स्वतःच्या कामाच्या कार्डावर लिहून घेतली. वर मला म्हणाल्या, "रडू नको, तारेवर पानी पडंल."

तर अशा त्या बाई. आता निधीचं सांगते.

आमच्याकडे कामगारांचा एक आधार निधी आहे. दर महिन्याला पगारातून थोडे पैसे आमचे, तेवढेच कंपनीचे. ज्याला आजारपणामुळे वय व्हायच्या आधीच काम सोडावं लागतं, त्याला त्यातून दर महिन्याला आधारवेतन मिळतं, निवृत्तीच्या वयापर्यंत. कोणाला द्यायचं, कोणाला नाही, हे पाच विश्वस्त ठरवतात. दोन कंपनीचे, तीन कामगारांनी निवडलेले. नियम साधेच आहेत. एक जरा कडक आहे: व्यसनामुळे झालेल्या आजाराला आधारवेतन नाही. तो जुना नियम, माझ्या आधीचा. पण मला तो मनापासून पटायचा. माझा बाप दारूने गेला. जाताना घरातलं पितळेचं भांडंसुद्धा ठेवलं नाही त्याने. दारुडा म्हटलं की माझं डोकं फिरतं, आजही फिरतं.

पूर्वी विश्वस्त दार लावून बसायचे आणि बाहेर नुसता निकाल यायचा. मग तोंडाला येईल ते लोक बोलायचे. अमक्याचा साडू आहे म्हणून मिळालं, तमक्याने मटण घातलं म्हणून मिळालं. एका वार्षिक सभेत मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "अहो, पैसे आमचे, आजार आमचा, आणि आम्हालाच कारण सांगायला तुमच्या जिभेला काय फोड आलाय का?" सभा हसली, टाळ्या पडल्या, आणि पुढच्या निवडणुकीत मी निवडून आले. पाचांत एकटी बाई.

निवडून आल्यावर आम्हाला दोन दिवसांचं शिबिर होतं. पुण्याहून एक सल्लागार आले होते. पडद्यावर अक्षरं पाडत होते: नेतृत्व, संवाद, नीतिमत्ता. बाकीचे चार जण दुपारच्या जेवणानंतर पेंगले, मी मात्र वही भरून घेतली. विश्वस्ताने आपलं-परकं बघू नये, आणि निर्णयाचं कारण सभासदाला कळलं पाहिजे, या दोन गोष्टी मी ठळक करून लिहिल्या. मग पहिल्याच बैठकीत दोन ठराव मांडले. एक, अर्जावरचं नाव आणि कामाचं खातं झाकायचं. त्यावर काळी पट्टी लावायची आणि अर्जाला फक्त नंबर द्यायचा. नाव कोणाचं हे एकट्या कारकुनाला माहीत. दोन, निकाल कारणासकट हजेरीच्या टाइम ऑफिससमोरच्या फलकावर लावायचा. अर्ज नामंजूर झाला तर नुसता नंबर आणि शेरा. मंजूर झाला तर नंबर आणि त्यापुढे नाव, कारण पैसे कोणाला चाललेत हे सगळ्यांना कळायलाच हवं.

दोन्ही ठराव एकमताने मंजूर झाले. अध्यक्ष म्हणजे आमच्या कंपनीचे मनुष्यबळवाले साहेब. ते म्हणाले, "ताई, तुम्ही निधीचं काचेचं घर केलंत." मला केवढं भारी वाटलं! निधीचे कारकून होते चाचा. वयस्कर, मुकुंदनगरला राहणारे, हिशेबाला पक्के. त्यांच्याकडून मी लिहूनच घेतलं, की अर्जदाराचं नाव ते विश्वस्तांपुढे ओठावरही आणणार नाहीत. चाचांनी निमूट सही केली.

पुढे कामाची एक रीत पडून गेली. आलेले अर्ज आम्ही पाच जण वाटून घ्यायचो. ज्याच्याकडे जो अर्ज, त्याने वाचून शेरा लिहायचा आणि बाकीच्यांनी खाली सह्या करायच्या. सगळेच सगळं वाचत बसलो तर शिफ्ट कोण करणार? माझ्या वाट्याला हळूहळू अर्ज जास्त यायला लागले, कारण माझे शेरे खुमासदार असायचे. फलकापुढे लोक थांबून वाचायचे. माझं अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं, वाइंडिंगची कार्डं वर्षानुवर्षं मीच भरते. "ताईनं काय हाणलंय बघ," असं कानावर आलं की मी वरून गंभीर आणि आतून फुगलेली.

त्या वर्षीचा अकरा नंबरचा अर्ज असाच माझ्या वाट्याला आला. वय पन्नाशीच्या पुढचं, नोकरी बरीच वर्षांची. आजार: लिव्हर सिरॉसिस. डॉक्टरांचा दाखला दोन पानांचा, टाचलेला, इंग्रजीत, आणि अक्षर डॉक्टरांचं. लिव्हर एवढा शब्द वाचला आणि माझा बाप समोर उभा राहिला. पुढचं वाचायची मला गरजच वाटली नाही. नगर भागात लिव्हर कशाने जातं हे सांगायला डॉक्टर कशाला हवा! मी पेन उचललं आणि लिहिलं:

"आजार स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेला आहे. गुत्त्याची उधारी फेडायला हा निधी नाही. नामंजूर."

चाचा शेजारी बसून कागद लावत होते. ते खाकरले. म्हणाले, "ताई, दाखल्याचं मागचं पान पाहिलं का?"

मी फटकन म्हणाले, "चाचा, विश्वस्त कोण आहे? तुम्ही का मी?"

कागद पुढे सरकला, चार सह्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी शेरा फलकावर लागला.

काय सांगू, असा गाजला तो शेरा! कोणीतरी फोटो काढून कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. "अकरा नंबर कोन हाय रं? पार्टी दे!" "ताईनं पार वाइंडिंग करून टाकलं!" पेंट शॉपमधली पोरं एकमेकांना "काय अकरा नंबर, सकाळी सकाळी?" म्हणायला लागली. मी कँटीनमध्ये गेले तर एकाने उठून जागा दिली. आणि मी बसले! मिसळ खाल्ली, वर ताकही प्यायले. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्या दिवसांत बाई कामावर नव्हत्या. दोनेक महिने आजारपणाच्या रजेवर होत्या. मी एकदा भेटून आले होते. काय झालंय विचारलं तर म्हणाल्या, "पोटाचं हाय गं, पित्ताचं." चेहरा पिवळट दिसत होता. मी म्हटलं, धने-जिऱ्याचं पाणी घ्या. डॉक्टरीणबाईच ना मी!

पंधरा दिवस झाले असतील. चाचांनी बैठकीच्या विषयांत एक विषय घातला: अकरा नंबरच्या अर्जदाराने समक्ष भेटीची वेळ मागितली आहे. नियमाने नामंजूर झालेल्याला महिन्याच्या आत अपील करता येतं, पण मग नंबर सोडून स्वतः समोर यावं लागतं. माझ्या तीन वर्षांतलं ते पहिलंच अपील. आजवर एकही आलं नव्हतं, आणि साहेब प्रत्येक अहवालात तसं अभिमानाने लिहायचे. अपील नाही, म्हणजे निर्णय किती चोख बघा!

मी तर पदर खोचूनच बसले होते. म्हटलं, येऊ दे बेवड्याला. बायकोचे हाल करून वर आमच्याकडे हात पसरायला येतोय, त्याला विचारते चार प्रश्न.

दुपारी तीनला कँटीनशेजारच्या खोलीत आम्ही बसलो. पंखा घरघरत होता. दार लोटलं आणि बाई आत आल्या.

मला आनंदच झाला. वाटलं, रजेचा काही कागद द्यायला आल्या असतील. किती वाळल्या होत्या! पोट तेवढं पुढे आलेलं, पायांवर सूज, आणि हातात नातेवाइकाकडे जाताना घेतात तशी कापडी पिशवी. मी उठले आणि म्हणाले, अगदी याच शब्दांत म्हणाले, "अहो बाई, या ना. पण जरा बाहेर बसता का दहा मिनिटं? आमचं एका दारुड्याचं प्रकरण चाललंय."

बाई बाहेर गेल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून चाचांनी दिलेली नंबराची पावती काढली आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवली. त्यावर अकरा लिहिलं होतं.

मला आधी कळलंच नाही. मी त्या पावतीकडे बघते, बाईंकडे बघते, परत पावतीकडे बघते. अकरा नंबर पुरुष होता! माझ्या डोक्यात तो खाकी पँटीतला, लाल डोळ्यांचा, तोंडाला वास मारणारा पुरुष होता. अर्जावर कुठेही पुरुष लिहिलेलं नव्हतं. मीच त्याला पँट घातली होती, मीच त्याच्या हातात बाटली दिली होती. बायकांची प्रतिनिधी म्हणून निवडून आलेली मी, आणि अर्ज बाईमाणसाचा असेल हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. मी खाली बसले, की पडले, आठवत नाही.

साहेब म्हणाले, "चाचा, दाखला काढा."

चाचांनी दाखल्याचं मागचं पान उलटलं आणि एकेक शब्द मराठीत सांगत गेले. कित्येक वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झालं, तेव्हा रक्त चढवलं होतं. त्या रक्तातून काविळीचा विषाणू अंगात गेला. तो वर्षानुवर्षं आत राहिला आणि लिव्हर खात बसला. शेवटी एक ओळ होती, आणि डॉक्टरांनी तिच्याखाली रेघ ओढलेली होती: रुग्णाने कधीही मद्य घेतलेलं नाही.

खाली रेघ! मागच्या पानावर, माझ्या बोटाखाली, तेव्हाही ती रेघ होतीच.

माणूस आपल्यावरचं दुसऱ्यावर ढकलतो. मीही चाचांवर घसरले. "तुम्हाला माहीत होतं! तुम्ही मला लिहू दिलंत!"

चाचा शांतपणे म्हणाले, "ताई, नाव सांगायचं नाही हे तुम्हीच माझ्याकडून लिहून घेतलंय. मागच्या पानाचं मी बोललो होतो."

बोलले होते. चांगलं आठवत होतं मला, मी काय उत्तर दिलं होतं तेही.

साहेब लगेच म्हणाले, चूक झाली, आम्ही अर्ज मंजूर करतो, बाईंना अर्जाच्या दिवसापासूनचे पैसे देऊ. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "मला पैशे नको, साहेब. मी अर्ज माघारी घ्यायला आलेय. तेवढा त्यो कागुद फलकावरनं काढा."

"पण का?"

"मंजूर झालं की अकरा नंबराफुडं माझं नाव लागंल. सगळ्या कंपनीनं वाचलंय, अकरा नंबर बेवडा हाय. मंग त्यो बेवडा म्हंजी मी." बाईंना दम लागत होता, त्या थांबून थांबून बोलत होत्या. "आमच्या लोकायला तसंबी लगीच चिकटवत्यात. ख्रिस्ती हाय, म्हंजी पीतच आसंल. माझ्याच काय, माझ्या बापाच्या घरातबी कदी बाटली आली न्हाई. औषदाला पैशे लागत्यात, लई लागत्यात. पन ह्ये नाव लावून घेऊन न्हाई."

त्यांच्या औषधाचा खर्च काय असेल हे आम्हा पाचही जणांना अंदाजाने कळत होतं. नवरा केव्हाच वारलेला, लेक सासरी, आणि आता कामही सुटल्यातच जमा. त्या महिन्याच्या पैशावरच पुढचं सगळं होतं, आणि माझ्या एका वाक्याने त्या ते सोडून निघाल्या होत्या.

साहेबांनी मग डोकं चालवलं. म्हणाले, "सोपं आहे. बाईंना नवा नंबर देऊ. सतरा द्या, अठरा द्या. अकरा नंबर नामंजूरच राहू दे. कोणाला काही कळणार नाही, बाईंचंही नाव झाकलं आणि आपलंही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं. बाईंना पैसे मिळतात, माझा शेरा माझ्यापाशी राहतो, कोणाला काही कळत नाही. मी मान डोलवलीसुद्धा. बाकीच्यांनीही डोलवली.

बाईंनी विचारलं, "मंग अकरा नंबर कोन व्हता म्हनून सांगनार?"

"कोणीच नाही. सांगायचंच नाही."

"आसं कसं? लोक कुनाला ना कुनाला धरत्यालच. पेंटमधल्या एका पोरावर आत्ताच घ्याया लागल्यात, ग्रुपवर वाचलं मी. माझ्यासाठी त्येच्या डोक्यावर कशाला?"

घ्या! ज्या बाईची अब्रू आम्ही वेशीला टांगली, ती दुसऱ्याच्या अब्रूची काळजी करत होती. आणि शिबिरात वही भरून घेणारी मी मान डोलवत बसले होते. मला स्वतःची अशी काही शरम वाटली, की मी तिथल्या तिथे कागद ओढला आणि लिहायला लागले. साहेब म्हणाले, ताई, थांबा, शब्द जरा बघू, निधीची बदनामी होईल. मी म्हटलं, "साहेब, बदनामी करताना नाही थांबवलंत, आता निस्तरताना कशाला थांबवता?" तोंड फटकळ असल्याचा आयुष्यात एकदा तरी उपयोग झाला.

मी लिहिलं ते असं: "अकरा नंबरच्या अर्जदाराने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. डॉक्टरांनी तसं स्पष्ट लिहून दिलं होतं. मी दाखल्याचं दुसरं पान वाचलं नाही आणि मनाने शेरा ठोकून दिला. चूक पूर्णपणे माझी आहे. मी अर्जदाराची माफी मागते." खाली माझं नाव, माझं खातं, माझा टोकन नंबर. बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ह्ये चार दिस राहू द्या. लोकांनी वाचू द्या. मंग माझं नाव लावा."

तो कागद मी स्वतः चिकटवला, पहिली शिफ्ट सुटायच्या वेळेला, म्हणजे लोक असतील तेव्हा. लोकांनी वाचला. मग माझ्या कागदाचा फोटो ग्रुपवर, आणि त्याखाली तीच हसणारी तोंडं. "ताईचीच मोटार जळाली की!" "आदी वाच, मंग नाच." ज्याने कँटीनमध्ये जागा दिली होती तो माझ्याकडे न बघता समोसा खात राहिला. कोणी काही बोललं नाही असा एक दिवस गेला नाही. झेलत होते. दुसरं काय करणार? चार दिवसांनी अकरा नंबरापुढे बाईंचं नाव लागलं. फलकापुढे माणसं उभी राहिली, वाचलं आणि आपापल्या मशीनवर गेली. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

पुढच्या रविवारी मी भिंगारला गेले. त्यांची चर्चची वेळ होऊन गेली होती, घरी त्या एकट्याच होत्या. मी पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले. म्हणाल्या, "सूज हाय, हात लावू नको." मग स्वतः उठून चहा टाकायला निघाल्या. मी बळेच बसवलं आणि चहा मी केला. साखर कुठे, गाळणी कुठे, मला सगळं माहीत होतं त्या घरातलं.

चहा पिता पिता त्या एकदम म्हणाल्या, "एक इचारू? ईस-पंचीस दिस मी ह्योच इचार करत व्हते. तुजं मी काय वाकडं केलं?"

"म्हणजे?"

"म्हंजी तू माज्यासाठी आसं का लिवलं? कदी रागावले का मी तुला? कुनाला काय बोलले का? रातरात आठवत बसले. कायबी सापडंना."

"अहो बाई, मला माहीत नव्हतं तुमचा अर्ज आहे! नाव झाकलेलं असतं. आम्हाला फक्त नंबर कळतो."

"खरंच झाकत्यात?"

"खरंच!"

"आमाला वाटायचं, त्ये लोकायला दाखवायला हाय. नावं तुमाला ठावं आसत्यालच. त्या दिशी तू मला भाईर बस म्हनलीस, चाचाबी बोलले, त्येबी मला साहेबापुढचं सोंगच वाटलं. सगळं खातं आसंच म्हनतंय."

मी कपाळावर हात मारला. तीन वर्षं मी ज्या नियमाची मिरवणूक काढली, तो नियम खरा आहे हे आम्ही कोणाला नीट सांगितलंच नव्हतं. ठराव केला, वहीत लिहिला, टाळ्या घेतल्या. म्हणजे आजवर ज्याला ज्याला नामंजूर म्हणून माझा शेरा गेला, त्या प्रत्येकाला वाटलं असणार की ताईने आपल्याला ओळखून, आपलं नाव घेऊन हे लिहिलंय.

आणि तेव्हा मला तो आठवला. प्रेस शॉपमधला एक जण, दोन वर्षांपूर्वीचा. तोंडाचा कॅन्सर. नंबर आठवत नाही, पण शेरा लख्ख आठवतो: "तंबाखूची पुडी खिशातून आणि उपचार निधीतून, असं चालणार नाही." त्याने अपील केलं नव्हतं. चार महिन्यांत गेला. तो गेल्यावर त्याची बायको हिशेब घ्यायला गेटवर आली, तेव्हा लोक म्हणाले की निधीतूनही त्याला नाही म्हटलं होतं. तेव्हा कुठे मला कळलं, की तो शेरा याचा होता. आणि मी काय केलं? मी तिला गेटवर पोटाशी धरलं, तिच्याबरोबर रडले, आणि गप्प राहिले. मनाशी म्हटलं, नियमच आहे तो, मी काय करणार, आणि हिला कुठे ठाऊक आहे.

मी हे सगळं बाईंना सांगितलं. विचारलं, "बाई, तिलाही वाटलं असेल का हो, की मी ओळखून लिहिलं?"

बाईंनी कप खाली ठेवला. "वाटलं आसंल काय? ती माज्याकडं आली व्हती त्या टायमाला. फलकावरल्या त्या कागदाचा फोटू दावला. म्हनली, बाई, अक्षर तुमी शिकवलेल्या पोरीचं हाय. मरनाऱ्या मानसाला आसं लिवत्यात का?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"मी तिच्यावरच रागावले. म्हनलं, आमची पोर तोंडाची फटकळ हाय, पन आसं लिवनारी न्हाई. दुसऱ्या कुनाचं तरी अक्षर आसंल. तिनं ऐकलं माजं. परत कदी तुजं नाव काडलं न्हाई."

बाई उठल्या, भिंतीला धरत धरत दारापर्यंत गेल्या आणि चपला पायात सरकवल्या.

"हितंच ऱ्हाती ती, दोन गल्ल्या सोडून," त्या म्हणाल्या. "चल. आता तिला काय सांगायचं त्ये तूच सांग."